पाव पोतं कोण टाकतं

सिंगल सुपर फॉस्फेटचं पोतं 50 किलोचं येतं. मत्स्यपालनाच्या माहितीपत्रकात खताचा आकडा हेक्टरी, वर्षाचा दिलेला होता. माझ्या शेततळ्याचं तोंड 30 बाय 30 मीटर, म्हणजे जेमतेम नऊ गुंठे. त्रैराशिक मांडलं तर वर्षाला पंचवीसेक किलो बसत होतं, तेही एकदम नाही, दर महिन्याला थोडं थोडं. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्रैराशिक येत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण पोतं फोडल्यावर उरलेलं ठेवायचं कुठं? पावसाळी हवेत त्याचा दगड होतो. आणि पाव पोतं कोण टाकतं? आमच्याकडं सगळं पोत्यानं चालतं. बियाणं पोत्यानं, उतारा पोत्यानं, उधारीसुद्धा पोत्यानं. मी बांधावर उभं राहून अख्खं पोतं तळ्यात रिकामं केलं, वर शेणखताची एक ट्रॉली ढकलली आणि हात धुतले. तळ्यातच.

तेर आणि ढोकीच्या मधल्या पट्ट्यात आमची जमीन. तेरणा जवळ आहे, पण नदीत पाणी असेल तेव्हा. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं, ती गाडी आमच्याच जिल्ह्यातून पुढं जायची. त्याच वर्षी ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि शिवारात जिकडंतिकडं जेसीबी दिसू लागले. माझं तळंही त्यानंतरच्या काळातलं. 3 मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार, तळ 24 बाय 24; काठोकाठ भरलं तर 21.96 लाख लिटर. आत 500 मायक्रॉनचा काळा प्लॅस्टिकचा कागद, कारण आमच्या मुरमात पाणी ठरत नाही. पावसाळ्यात विहिरीला आणि नाल्याला पाणी असतं तेव्हा भरून ठेवायचं आणि एप्रिलातल्या खरड छाटणीनंतर द्राक्षाला ठिबकनं द्यायचं, एवढाच बेत होता. मासे मागून सुचले. पाणी उभंच आहे, तर कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडू, चार पैसे येतील.

माहितीपत्रकाला दोष देता येत नाही. ते मातीच्या तळ्यासाठी लिहिलेलं होतं. मातीच्या तळ्यात टाकलेल्या फॉस्फरसचा मोठा हिस्सा तळाची माती धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. माझ्या तळ्यात मातीच नव्हती, त्यामुळं टाकलेलं सगळं पाण्यातच राहिलं. त्यात मी तळं भरलं ते मृगातल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या नाल्यानं. वरच्या अंगाला सोयाबीनची पेरणी नुकती झालेली, डीएपी नुकतंच पडलेलं. गढूळ पाण्याबरोबर लोकांच्या रानातलं खत फुकटात आलं, असं मी चारचौघांत कौतुकानं सांगितल्याचंही आठवतं.

हिशेब मी फार उशिरा मांडला. सुपरमध्ये स्फुरद 16 टक्के लिहिलेलं असतं, ते ऑक्साइडच्या रूपात. निव्वळ फॉस्फरस काढला तर पोत्यात साडेतीन किलो. भरलेल्या तळ्यात हे लिटरमागे दीड मिलीग्रॅमच्या वर जातं. गोडं पाणी हिरवं व्हायला याच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्याएवढा फॉस्फरसही पुरतो. एक किलो फॉस्फरसावर साधारण पाचशे किलो ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. म्हणजे माझ्या एका पोत्यानं पावणेदोन टन शेवाळाच्या जेवणाची सोय केली होती. शेणखत आणि नाला त्याखेरीज.

पाणी हिरवं झालं तेव्हा मला आनंद झाला, आणि सुरुवातीला तो आनंद खोटा नव्हता. पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव हेच कार्प माशांचं पहिलं खाद्य. अगदी नितळ पाण्यात मासा उपाशी राहतो. प्रश्न हिरवेपणाच्या मापाचा असतो. आंजेलो सेकी नावाच्या इटालियन पाद्र्यानं, जो खगोलशास्त्रज्ञही होता, 1865 मध्ये समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजायला एक तबकडी वापरली. तिची 20 सेंटीमीटरची काळी-पांढरी आवृत्ती आजही तळी-सरोवरं मोजायला वापरतात. दोरीनं खाली सोडायची आणि कुठं दिसेनाशी होते ते पाहायचं. कार्पच्या तळ्यात 25 ते 40 सेंटीमीटरला दिसेनाशी झाली तर ठीक, 20 च्या आत आली की धोका. तबकडी नसेल तर हात कोपरापर्यंत बुडवून तळवा दिसतो का पाहायचा. माझा तळवा मनगट बुडायच्या आतच दिसेनासा होत होता. मी खूश होतो. वाऱ्यानं एका कोपऱ्यात लोटलेल्या पाण्यावर तर रंगाचा डबा सांडावा तशी दाट साय धरली होती आणि बांधावर येणारा प्रत्येक जण म्हणत होता, गुरुजींचं तळं लागलं.

भाद्रपदात सलग ढगाळ दिवस आले. पहाटे मोटर चालू करायला गेलो तर मासे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करताहेत. शेजारच्या रानातले आप्पा म्हणाले, “गुरुजी, भुकेजलेत बघा. टाका की पेंड.” मला ते पटलं. मी पाटीभर शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा टाकला. एकाही माशानं त्याला तोंड लावलं नाही. याचा अर्थ मी असा काढला की त्यांना कोंडा आवडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नुसती पेंड टाकली.

सातवी-आठवीच्या वर्गाला मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं: वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात, श्वसन मात्र रात्रंदिवस करतात. फळ्यावर बाण काढून, प्राणवायू कुठून येतो, कुठं जातो ते दाखवून. परीक्षेला हा प्रश्न हमखास. पण तो माझ्या लेखी फळ्यावरच्या झाडाचा प्रश्न होता. तळ्यातल्या कोट्यवधी सूक्ष्म वनस्पतींना तो लागू आहे हे कधी डोक्यात आलं नाही. दुपारी चारला त्याच पाण्यात प्राणवायू गरजेपेक्षा जास्त असतो आणि पहाटे पाचला तळ लागतो. 30 अंशांच्या पाण्यात मुळात लिटरला साडेसात मिलीग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. ढगाळ दिवशी तो कमी तयार होतो, रात्री शेवाळ, मासे आणि तळाशी कुजणारं शेण मिळून तो संपवतात. त्यावर मी पेंड टाकली. ती न खाता तळाला गेली आणि तीही कुजायला लागली. मासे श्वासासाठी वर येत होते आणि मी त्यांच्या ताटात वाढत होतो.

आणखी एक गोष्ट त्यात भर घालते. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळं पाण्याचा सामू 9 च्या वर चढतो. पेंड कुजून आणि माशांच्या विष्ठेतून जो अमोनिया येतो, तो 7 सामूला जवळपास निरुपद्रवी रूपात असतो. 9 ला त्यातला एक तृतीयांशाहून जास्त विषारी रूपात जातो. म्हणजे पहाटे दम कोंडतो आणि दुपारी विष चढतं. कटला पहिल्यांदा गेले. हा वरच्या थरात राहणारा मासा, अंगानं मोठा, त्याला दम कमी.

उपाय माहीत झाल्यावरही अडचण होती. पहाटे तीनला पाणी उपसून तळ्यातच उंचावरून परत पाडलं तर हवा मिसळते. पण शेतीच्या लाईनला थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, पाळीनं. मासे मरतात त्या वेळेला आमच्या पाळीची लाईट असेलच असं नाही. मी हौसेनं घेतलेलं हवा मिसळायचं यंत्र बहुतेक वेळ काठावर उभं राहून तळ्याकडं बघत असायचं.

मग मोरचूद. ही माझी सगळ्यात महाग चूक, आणि सगळ्यात सोपीही, कारण मोरचूद घरातच होतं. द्राक्षवाल्याच्या घरात ते असतंच. केवड्याला बोर्डो मिश्रण फवारायचं तर मोरचूद आणि चुना हवाच. 1885 पासून जगभरचे द्राक्षवाले तेच करत आले आहेत. तांबं शेवाळ मारतं हे मला ठाऊक होतं. किती लागतं हे ठाऊक नव्हतं. मी बोर्डोच्या सवयीनं अंदाज धरला.

शेवाळासाठी मोरचुदाचं माप पाण्याच्या अल्कतेवरून ठरतं. लिटरमागे अल्कता जितके मिलीग्रॅम, त्याला शंभरनं भागायचं, तेवढे मिलीग्रॅम मोरचूद. अल्कता पन्नासच्या खाली असेल तर हातच लावायचा नाही. मी अल्कता मोजलेली नव्हती. पाण्याचं घनफळ काढलं होतं, पण काठोकाठ भरलेल्या तळ्याचं, आणि तळं त्या वेळी निम्म्या खोलीवर आलेलं होतं. उताराच्या तळ्यात निम्म्या खोलीला निम्मं पाणी नसतं. तळ अरुंद असतो, माझ्या तळ्यात त्या पातळीला 44 टक्केच राहतं. म्हणजे माझा डोस दुपटीच्या वर गेला, आणि गोणपाटात बांधून दोरीनं तळ्याच्या चारी बाजूंनी ओढत मी तो एकाच दुपारी सगळ्या तळ्यात दिला. तळ्याचा तिसरा हिस्सा आज, तिसरा आठ-दहा दिवसांनी, असं करायचं असतं, म्हणजे माशांना पळायला जागा राहते आणि कुजणं एकदम होत नाही.

दोन दिवसांत पाणी असं नितळ झालं की तळाचा कागद दिसू लागला. मी बायकोला मुद्दाम दाखवायला घेऊन गेलो. ती बघून एवढंच म्हणाली, “अहो, पण एवढं हिरवं गेलं कुठं?” मी तिला म्हणालो, मेलं. ती म्हणाली, “मेलं म्हणजे गेलं कुठं?” विज्ञान मी शिकवलेलं, पण प्रश्न तिनं विचारला. उत्तर तिसऱ्या दिवशी वासानं दिलं. मेलेलं शेवाळ तळाला बसून कुजायला लागलं होतं, उरलेला प्राणवायू संपवत होतं. जे मासे ढगाळ दिवसांत तगले होते ते आता उलटे होऊन काठाला लागले. पंधरवड्यात पाणी पुन्हा हिरवं झालं, आधीपेक्षा घट्ट, कारण मेलेल्या शेवाळातला सगळा फॉस्फरस पुन्हा पाण्यात आला होता आणि त्याला खाणारे मासे उरले नव्हते.

मासे संपले, पण द्राक्षं होती. एप्रिलात छाटणी झाली, ठिबक चालू केलं आणि ओळीच्या शेवटच्या वेलींना पाणी पोचेना. ड्रिपर उघडून बघितले तर आत बुळबुळीत, तपकिरी चिकट. आमच्या विहिरीच्या पाण्याला क्षार भरपूर, दरवर्षी ॲसिड सोडून ठिबक साफ करावं लागतं, म्हणून मी ॲसिडच दिलं. क्षार विरघळले असतील. चिकट हललं नाही. काळ्या नळीच्या आत उजेड नसतो, तिथं शेवाळ वाढत नाही. जाळीच्या गाळणीतून पार झालेल्या मेलेल्या शेवाळावर आत जिवाणू वाढतात आणि तो त्यांचा चिकटा असतो. त्याला क्लोरीन लागतं, ॲसिड नाही. हे कळल्यावर मी ब्लीचिंग पावडर भिजवली, आणि ज्या टाकीतून ॲसिड सोडलं होतं तीच न धुता वापरायला घेतली. पावडरचं पाणी ओतताच नाकात आणि घशात जे गेलं ते अजून आठवतं. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. टाकी उघड्यावर होती, वारा होता, मी मागं पळालो. हीच गोष्ट पत्र्याच्या शेडमध्ये केली असती तर हे लिहायला मी नसतो. दोन्ही औषधं वेगवेगळ्या दिवशी, मध्ये लाइन साध्या पाण्यानं धुऊन द्यायची. हे ठिबकवाला कोणताही पोरगा सांगेल. मला विचारायची लाज वाटली, कारण मी गुरुजी.

शेळ्यांचं श्रेय पुन्हा बायकोचं. आमच्याकडं चार उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्या पाण्यावरच्या सायीच्या कोपऱ्यात पाणी प्यायला जायच्या. तिनं तो कोपरा काट्यानं बंद केला, कारण तिला वास आवडला नव्हता. पुढं वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. ती साय म्हणजे नीलहरित शेवाळ, खरं तर शेवाळ नव्हेच, जिवाणू. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराच्या काठी असंच पाणी पिऊन जनावरं मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी 1878 मध्ये ‘नेचर’मध्ये छापली होती. माझ्या तळ्यातली जात विषारी होती की नाही हे तपासलं नाही. शेळ्यांवर ते तपासलं गेलं नाही हे नशीब.

माझे डोळे उघडले ते पुण्यात, भाच्याच्या फ्लॅटमध्ये, खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर. पोरगा कंपनीत नोकरी करतो आणि दिवाणखान्यात समुद्र पाळतो. लिटरला 35 ग्रॅम मीठ मोजून घालतो, त्यात दोन क्लाउनफिश आणि बटणांसारखे मऊ झोअँथिड. दगडासारखे प्रवाळ त्यानं ठेवलेले नाहीत. आपल्या समुद्रातले ते 2001 पासून वन्यजीव कायद्यानं राखलेले आहेत, हे मला त्याच्याकडून कळलं. मी तळ्याचं रडगाणं सांगितलं तर तो हसायला लागला. “मामा, तुमच्या तळ्यात आणि माझ्या टाकीत फरक फक्त मिठाचा.”

त्याचीही टाकी आधी तपकिरी झाली होती, मग दगडांवर हिरवे केस वाढले. टूथब्रशनं घासलं की आठवड्यात परत. बाटलीतलं औषध ओतलं तर केस गेले आणि त्याबरोबर गोगलगायीही गेल्या. कारण असं निघालं की टाकीतलं पाणी आटलं की तो नळाचं पाणी घालून पातळी सारखी करत होता. आटतं ते पाणी. त्यात विरघळलेलं आटत नाही. नळाच्या पाण्यातलं सिलिका, नायट्रेट, फॉस्फेट दर वेळी आत येत होतं आणि बाहेर काहीच जात नव्हतं. आता तो आरओचं पाणी घालतो आणि माशांना चिमटीनं खायला देतो. मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढं आमचा चैत्र-वैशाख होता: तळं आटतंय, मी विहिरीचं पाणी ओततोय, पुन्हा आटतंय, पुन्हा ओततोय.

त्याच्याकडं फॉस्फेट मोजायचं किट होतं. पाण्यात औषधाचे थेंब टाकले की फॉस्फेटच्या प्रमाणात निळा रंग येतो. पुढच्या खेपेला मी बाटलीभर तळ्याचं हिरवं पाणी घेऊन गेलो. निळेपणा जवळजवळ आलाच नाही. मी म्हणालो, बघ, तुझं शास्त्र आमच्याकडं चालत नाही. त्यानं सांगितलं की त्याची टाकी केसांनी भरली होती तेव्हा किट शून्यच दाखवत होतं, कारण सगळं फॉस्फेट शेवाळाच्या पोटात असतं. उरलेली बाटली त्यानं कागदात गुंडाळून कपाटात ठेवून दिली. शेवाळ अंधारात मेलं, कुजलं, आणि काही आठवड्यांनी तेच पाणी गाळून तपासलं तर रंग किटच्या शेवटच्या खुणेच्याही पुढं गेला. फोटो पाठवला होता त्यानं. खाली काही लिहिलं नव्हतं, एवढी त्यानं मामाची अब्रू राखली.

त्यानंतर मी वाचायला लागलो. कॅनडात, ऑन्टारियोच्या जंगलात, डेव्हिड शिंडलर यांनी 1973 मध्ये 226 क्रमांकाचं एक सरोवर मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावून दुभागलं. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, दुसऱ्या बाजूला तेच आणि वर फॉस्फरस. विमानातून घेतलेल्या फोटोत फॉस्फरसची बाजू हिरवी आणि दुसरी काळसर निळी दिसते. हा फोटो बघितल्यावर मला युरियाची आठवण झाली. मोरचुदानंतर मी शहाणपणा म्हणून ठिबकच्या टाकीतलं युरियाचं पाणी तळ्याकडं जाऊ नये याची काळजी घेतली होती आणि शेणाची पाटी तशीच चालू ठेवली होती. नीलहरित शेवाळातल्या कितीतरी जाती हवेतला नायट्रोजन स्वतःच घेतात. भातशेतीत आपण त्यांना याचसाठी वाढवतो. युरिया तोडून त्यांचं काही बिघडत नाही. फॉस्फरस मात्र हवेतून घेता येत नाही.

वॉल्टर एडी यांचं काम वाचून तर भाचा आणि मी एकाच गावचे निघालो. अमेरिकेतल्या स्मिथसोनियनमध्ये त्यांनी प्रवाळखडकाची टाकी उभी केली आणि पाणी स्वच्छ ठेवायला शेवाळ मारण्याऐवजी ते बाजूच्या उथळ पन्हळीत, भरपूर उजेडात मुद्दाम वाढवलं. वाढलं की खरवडून काढायचं. त्याबरोबर खतही बाहेर. प्रवाळासाठी काढलेली ही युक्ती पुढं शेतातून वाहून येणारं पाणी साफ करायला वापरली गेली. मी वीस फुटी उथळ सिमेंटचा पाट बांधला, त्यात शेडनेटचं कापड अंथरलं, लाईट असेल तेव्हा तळ्याचं पाणी त्यावरून फिरवून परत तळ्यात. कापडावर हिरवं वाढतं, ते खरवडून शेणखतात टाकतो. नऊ गुंठ्यांच्या तळ्याला हा पाट लहान आहे हे मला माहीत आहे. जोडीला तळ्याच्या अर्ध्या भागावर पन्नास टक्के सावलीचं शेडनेट ओढलं, चंदेरा मासा सोडला कारण तो पाण्यातलं सूक्ष्म शेवाळच गाळून खातो, आणि खत व पेंड पूर्ण बंद.

पाणी खरोखर उघडलं. तबकडी, जी मी जुन्या स्टीलच्या ताटलीला रंग देऊन केली आहे, 50 सेंटीमीटरपर्यंत दिसू लागली. मग उजेड तळापर्यंत पोचला आणि कागदाच्या उतारावर लांब धाग्यांचं शेवाळ धरलं, ज्याची मला कल्पना नव्हती. फूटव्हॉल्व्हला ते गुंडाळलं म्हणून मी उतारावर उतरलो आणि घसरलो. ओला कागद एरवीही निसरडा असतो. शेवाळ धरलेल्या कागदावर पाय ठरायचा प्रश्नच नाही. पोहता येणारा माणूसही तिथून वर येऊ शकत नाही, कारण धरायला काही नसतं, जितकी धडपड तितका खाली. शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, त्यात बहुतेक पोरं असतात, आणि वाचताना वाटतं पोहता येत नसेल. मला आप्पांनी पाइप टाकला. त्याच दिवशी चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडले, टायर बांधले, काठाला तारेचं कुंपण केलं. हे सगळं पोतं टाकायच्या आधी करायचं होतं.

खत बंद करून, पाट बांधून, शेडनेट ओढूनही गेल्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा हिरवं झालंच. मुद्दा तळाच्या गाळाचा आहे. इतक्या वर्षांचं शेण, पेंड, मेलेलं शेवाळ तिथं हातभर साठलंय, काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं. तळाशी प्राणवायू संपला की तो गाळ धरून ठेवलेला फॉस्फरस वर सोडतो. बाहेरून काही टाकायची गरजच नाही. म्हणून यंदा मे अखेरीस तळं कोरडं केलं आणि गाळ काढून द्राक्षाच्या ओळींना दिला. मजुरांना बजावून सांगितलं होतं, लोखंडी हत्यार आत आणायचं नाही, प्लॅस्टिकची घमेली आणि रबरी वायपरच. त्यांनी ते कसोशीनं पाळलं. कोपऱ्यातला चिकटलेला थर वायपरनं निघेना म्हणून संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खोरं घेऊन उतरलो. कागदाला वीतभर चीर गेली.

गरम हवेच्या मशीननं कागद जोडणारा माणूस सोलापूरहून येणार आहे. मृगाच्या आत आला तर बरं. नाल्यावरची मोटर यंदा पहिल्या पावसात चालू करायची नाही, लोकांच्या रानातलं डीएपी वाहून जाऊ द्यायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाचं पाणी घ्यायचं, असं मी ठरवलंय. बायको विचारते, दुसरा पाऊस आलाच नाही तर? आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न उडवून लावता येत नाही, म्हणून मोटरीचं अजून ठरलेलं नाही.